स्टेजवर गिटार वाजवणाऱ्यांसाठी : परवडणारं ट्युनर पेडल कसं निवडावं

लगीनसराई जवळ आली की जळगावातल्या आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते : "भाऊ, ट्युनर पेडल दाखवा, पण फार महाग नको." ट्युनर पेडल म्हणजे तार सुरात आहे का ते दिव्यांनी दाखवणारा, पायाने दाबायचा छोटा डबा. चोपडा, शिरपूर, शहाद्याकडून ऑर्केस्ट्रातली मुलं येतात, भजनी मंडळात गिटार घेऊन बसणारेही येतात. त्यांना काउंटरवर जे सांगतो तेच इथे छापलं आहे. परवडणारं म्हणजे आम्ही चार हजारांच्या आतलं धरतो.

आधी गरज आहे का ते बघा. या पेडलांना बहुधा माइक नसतो. गिटारमध्ये पिकअप (तारेची थरथर केबलमधून पाठवणारा भाग) असेल आणि केबल लावता येत असेल, तरच पेडल चालतं. घरी साधी अकूस्टिक वाजवत असाल तर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लागणारा क्लिप ट्युनर पुरेसा आहे, पेडलवर पैसे घालू नका.

स्टेजवर मात्र क्लिप ट्युनर दगा देतो. तो लाकडाची थरथर ओळखतो, आणि ढोल-डीजेच्या दणक्यात लाकूड आपोआप थरथरतं. यावल तालुक्यातल्या एका लग्नात मी तारेला हातही लावलेला नव्हता, तरी काटा ढोलाच्या ठोक्याबरोबर नाचत होता. शेवटी अंदाजाने तारा लावल्या आणि दोन गाणी बेसूर गेली. पेडलला फक्त केबलमधून आलेला आवाज कळतो. शिवाय बटण दाबलं की स्पीकरकडे जाणारा आवाज बंद होतो, म्हणून निवेदक बोलत असताना कुणाला न ऐकवता सहाही तारा लावता येतात. पैसे द्यायचे ते या दोन गोष्टींसाठी.

खोक्यावर अचूकतेचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, त्यावर जाऊ नका. गिटारच्या मानेवरच्या शेजारच्या दोन पडद्यांमधलं सुराचं अंतर 100 सेंट धरतात. बॉस कंपनीच्या टीयू-3 या नावाजलेल्या पेडलची अचूकता ±1 सेंट सांगितली आहे, आणि पुष्कळ स्वस्त मिनी पेडलांवरही तोच आकडा असतो. 5 सेंटच्या आतला फरक बहुतेकांच्या कानाला कळतही नाही. ±0.1 सेंटपर्यंत अचूक असलेलं, स्ट्रोब जातीचं पेडल स्टुडिओत कामाला येतं, नाहीतर आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना ब्रिज (तारांचा खालचा टेकू) जुळवताना. लग्नाच्या मांडवात त्याचा जास्तीचा पैसा वसूल होत नाही.

खरा फरक दिसतो तो सगळ्यात जाड तारेवर, म्हणजे ई या स्वराच्या तारेवर. ती सेकंदाला जेमतेम 82 वेळा कंप पावते आणि तिच्या आवाजात बी हा स्वरही जोरात मिसळलेला असतो. कच्चं पेडल मग कधी ई दाखवतं, कधी बी, आणि काटा स्थिर होत नाही. म्हणून आपली गिटार सोबत आणा. मानेकडचा पिकअप लावा, टोनचं बटण कमी करा, जाड तार अंगठ्याने हलकेच छेडा आणि सेकंदभर थांबा. काटा एका जागी राहिला तर पेडल घ्यायला हरकत नाही. जोरात छेडाल तर तार सुरुवातीला चढलेलीच दिसेल, तो दोष पेडलचा नाही. पाच तारांचा बेस असेल तर तोच घेऊन या, त्याची खालची बी तार 31 हर्ट्झच्या (सेकंदाला 31 कंपांच्या) आसपास असते आणि तिथे बरीच पेडलं चाचपडतात.

दुसरी परीक्षा दुकानाबाहेर, ओट्यावर, उन्हात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि दिवसा वरातीत किंवा उघड्या मांडवात वाजवायचं असतं. दुकानाच्या सावलीत झगझगीत वाटणारे दिवे बाहेर पार विझल्यासारखे दिसतात. उभं राहून, पेडल पायाशी ठेवून, हिरवा दिवा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर ते पेडल फुकट मिळालं तरी स्टेजवर उपयोगाचं नाही. उन्हात तार तापून सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून गिटार मांडवात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मगच लावा.

आता अडॅप्टर. आमच्याकडे येणारी बंद पेडलं बहुतेक याच कारणाने आलेली असतात. गेल्या हंगामात एका मुलाने घरातल्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर पेडलला लावला. पिन अगदी बरोबर बसली, दिवा एकदा लुकलुकला आणि जळका वास आला. वायफायचे अडॅप्टर बहुतेक 12 व्होल्टचे असतात आणि त्यांच्या पिनच्या आत अधिक असतो. गिटार पेडलला साधारणपणे 9 व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या आत वजा. अडॅप्टरवर गोलांचं एक छोटं चित्र असतं, त्यात मधला ठिपका वजाच्या खुणेला जोडलेला आहे का ते बघा. मिलिअँपिअर जास्त लिहिले असतील तर काही बिघडत नाही, व्होल्ट मात्र पेडलवर छापलेले तेवढेच हवेत. मिनी पेडलमध्ये बहुधा सेलला जागाच नसते. खेड्यात ऐनवेळी वीज जाते हे लक्षात घेता, चौकोनी 9 व्होल्टचा सेल बसणारं थोडं मोठं पेडल आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. त्यात एक काळजी घ्या : केबल इनपुटला खोचली की ते चालू होतं, म्हणून कार्यक्रम संपल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत सेल उतरतो.

पेटीबरोबर वाजवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पेडल मुळात 440 हर्ट्झवर लावलेलं असतं, म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा. गिटारच्या तारा जाडीपासून बारीकपर्यंत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पण देवळातली जुनी पेटी क्वचितच बरोबर 440 ला असते. तिचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, गिटारलाच तिच्याकडे जावं लागतं. मोबाइलमधल्या ट्युनर ॲपसमोर पेटीची पांढरी सहा धरा. समजा 444 दिसलं, तर पेडलवरही 444 करा. ही सोय काही स्वस्त पेडलांत नसते, म्हणून मंडळात वाजवणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

ट्रू बायपास (पेडल बंद असताना आवाज आतल्या सर्किटला वळसा घालून थेट पुढे जातो) आणि बफर (लांब केबलमध्ये आवाज कमजोर पडू न देणारं सर्किट) यांवर फार डोकं शिणवू नका. तीन मीटरच्या एका केबलवर फरक जाणवत नाही. दोन्ही बाजूंना लांब केबल असतील तर बफर असलेलं घ्या, आवाजाची धार टिकते. एकापेक्षा जास्त पेडलं जोडत असाल तर साखळीत ट्युनर सगळ्यात पहिला ठेवा, डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी.

पेडल कुठूनही घेतलेलं असो, लावण्यापूर्वी अडॅप्टर घेऊन या. मीटर लावून आत वजा आहे की अधिक ते बघून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.