कान खाजवतोय? ड्रॉप घालायच्या आधी हे वाचा

आषाढ लागला की आमच्या क्लिनिकला कानाच्या केसेस सुरू होतात त्या पार गणपतीपर्यंत. कुत्रा डोकं झटकतोय, कानाला वास मारतोय, आणि मालकाच्या खिशात गेल्या वर्षीची अर्धी बाटली. "डॉक्टर, तोच ड्रॉप पुन्हा घातला, पण या वेळी काय गुण आला नाही."

नाही येणार, कारण ड्रॉप ज्याच्यावर काम करतो तो जंतू बहुतेक वेळा मूळ कारण नसतोच. पावसात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते ना, ती बुरशी काय पावसाबरोबर आलेली नसते, हवेत कायमच असते, पट्टा दमट राहिला म्हणून वाढली. कानाचं तेच आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नाही, इंग्रजी एल सारखी आहे, आधी खाली उतरते मग आत वळते आणि पडदा त्या वळणाच्या पुढे, म्हणून टॉर्च मारून तुम्हाला दिसतं ते फक्त वरचं. आतली कातडी हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत असते आणि मळ तिच्याबरोबर बाहेर येतो. इअरबड घातला की तोच मळ वळणाच्या पलीकडे ठासला जातो, तेव्हा इअरबड नकोच.

आता जंतू. मळाची स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली की सगळ्यात जास्त दिसतं ते यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, नाव मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस, आकार अगदी दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा. (हे 1925 मध्ये पहिल्यांदा गेंड्याच्या कातडीवर सापडलं, म्हणून नावात जाड कातडी!) मळ चॉकलेटी, तेलकट, आंबूस वासाचा. गोल दाण्यांचे घोस दिसले तर बहुतेक स्टॅफिलोकोकस नावाचे बॅक्टेरिया. हे दोन्ही चांगल्या कानातपण थोडे असतात. दांड्यासारखे बॅक्टेरिया दिसले की मात्र आमच्या कपाळाला आठ्या, कारण त्यात स्यूडोमोनास असू शकतो. त्यात पातळ पिवळा-हिरवट पू येतो, कान एवढा दुखतो की कुत्रा हात लावू देत नाही, आणि जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतो. पायरीवरचं शेवाळ नुसतं पाणी ओतून जातं का? तसंच, आधी कान नीट धुवायचा आणि मगच औषध. अशा वेळी आम्ही कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) करायला सांगतो, खर्च वाढतो हे कबूल, पण अंदाजाने तीन अँटिबायोटिक बदलण्यापेक्षा तो परवडतो.

मग मूळ कारण काय? सगळ्यात जास्त ॲलर्जी. दोन्ही कान, वरचेवर, आणि जोडीला पंजे चाटणं असेल तर आमचा पहिला संशय तिथेच, मग खाण्यातली असो की धूळ-परागाची. पिल्लांमध्ये कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, मळ कॉफी पावडरसारखा काळा सुका. त्यांची एक पिढी साधारण 3 आठवड्यांची, म्हणून आठ दिवसांत औषध बंद केलं की परत हजर, आणि घरात मांजर असेल तर तिलापण औषध लागतं. दिवाळीनंतर सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत सुकलं की कुसळं. सकाळी धावून आला आणि दुपारपासून एकच कान खाली धरून बसलाय तर कुसळ आत गेलं असं समजून त्याच दिवशी आणा. थायरॉइड वगैरे कारणं कमी, पण असतात. लोंबते कान आणि रोजचं खाडीत पोहणं यांनी नुसता दमटपणा वाढतो, पण ॲलर्जीच्या कुत्र्याला तेवढंच पुरतं.

खोबरेल, कडू तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, काही म्हणजे काही घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्सनी ऐकूसुद्धा येईनासं होऊ शकतं, म्हणून आम्ही आत बघितल्याशिवाय बाटली देत नाही, त्यावर रागावू नका. कानाची पाळी उशीसारखी फुगली असेल तर झटकून झटकून आत रक्त साकळलंय, सुई टोचून घरी काढायला जाऊ नका.

येताना आदल्या दिवशी कान साफ करू नका, नाहीतर स्लाइडवर काहीच मिळत नाही. जुनी बाटली रिकामी असली तरी आणा. आणि कान दुखताना आपला गरीब टायगरपण चावतो, तेव्हा पट्टा घट्ट धरा.