पोपटाच्या पिल्लाला चावायला शिकवतं कोण?

‘पिल्लू चावलं की चोचीवर टिचकी मारा, आपोआप सुधारतं’ असा सल्ला देणारे व्हिडिओ हल्ली सर्रास फिरतात. नुकताच कॉकटील किंवा लव्हबर्ड (पाळले जाणारे छोटे पोपट) घरी आणलेली माणसं तो सल्ला अमलातही आणतात. तो क्रूर तर आहेच, शिवाय त्यातून हाताची भीती वाढून नेमका उलटा परिणाम होतो.

चोच निर्जीव नसते. बाहेरच्या केराटिनच्या (आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाच्या) आवरणाखाली हाड, रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. टोकाशी तर स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची दाटी असते. पोपट चोचीचा उपयोग पायासारखाही करतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, लव्हबर्डवरच्या एका प्रयोगात दिसलं की सरळ उभ्या पृष्ठभागावर चढताना चोच लावते तो जोर पायांच्या तोडीचा असतो. म्हणून पिल्लू शर्टाची बटणं, कानातले, बोटं असं सगळं चोचीत धरून बघतं. हातावर चढण्याआधी बोट पक्कं आहे ना, हेही ते चोच टेकवूनच तपासतं. नवखा माणूस नेमका तेव्हाच दचकून हात मागे ओढतो.

खरी गोष्ट इथून सुरू होते. हाताला बिचकणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीने घटनाक्रम असा: हात आला, भीती वाटली, चोच मारली, हात गेला. सुटका झाली! ज्या वर्तनामागोमाग हवासा परिणाम येतो ते वर्तन पुन्हा घडतं, हा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडला आणि पुढे त्याच क्षेत्रातल्या स्किनरने उंदीर-कबुतरांवर तो बारकाईने तपासला. नकोशी गोष्ट दूर झाल्याने वर्तन पक्कं होणं, याला मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात. बरेच जण त्याला शिक्षा समजतात. ते चूक आहे: शिक्षेने वर्तन घटतं, प्रबलनाने वाढतं. म्हणजे चावणं आपणच शिकवलेलं असतं.

मग हात हलवायचाच नाही? हा उपायही अर्धवटच. माणूस दोन-तीनदा दात-ओठ खाऊन सहन करतो आणि पुढच्या वेळी कळ असह्य होऊन हात काढतो. अधूनमधून फळ मिळणारं वर्तन दर वेळी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा चिवट असतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी अशा प्रबलनांच्या वेळापत्रकांचा, म्हणजे फळ कधी आणि किती वेळा मिळतं याचा, १९५७ साली जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यात भर म्हणजे फळ अचानक बंद झालं की वर्तन विझण्यापूर्वी उसळतं. हलक्या चाव्याने काम भागेना, तर पिल्लू जोरात चावून बघतं. आणि त्या जोरदार चाव्याला आपण हमखास हात मागे घेतो!

म्हणून चाव्याच्या आधीचा क्षण पकडायचा. कॉकटीलकडे नीट बघा. तुरा डोक्यालगत चपटा होतो, पिसं अंगाला घट्ट चिकटतात, अंग मागे झुकतं, चोच किंचित उघडते आणि फुस्स असा आवाज येतो. यातलं पहिलं लक्षण दिसताच हात थांबवा, थोडा मागे घ्या. सुटका तीच, पण आता ती चाव्यामुळे नव्हे तर मागे झुकण्यामुळे मिळाली. नुसतं मागे झुकून भागत असेल तर चावायची गरजच उरत नाही. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर तत्त्व हेच वाटतं.

जोडीला धन प्रबलन, म्हणजे हवीशी गोष्ट देऊन वर्तन पक्कं करणं, हवंच. पिल्लू आपणहून बोटाकडे एक पाऊल सरकलं की लगेच राळ्याच्या कणसातले दाणे द्या. उशीर झाला तर दाणे कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही. भविष्य सांगणाऱ्याचा पोपट चिठ्ठी ओढतो तोही दाण्यासाठीच. त्याला तुमची रास ठाऊक नसते, आणि आपला हिरवा रानपोपट असा पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तरी चावा बसलाच, तर न ओरडता, हात न झटकता पिल्लाला शांतपणे दांडीवर उतरवा आणि पुढच्या वेळी हात आणखी लांबून, आणखी सावकाश आणा.

हातावर आरामात बसणारा पक्षी एकाएकी चावरा झाला, तर मात्र शिकवणं थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा. पक्षी दुखणं लपवतात. दाणे कमी खाणं, पिसं फुगवून बसून राहणं, विष्ठा बदलणं यांसारखंच चावणं हेही आजाराचं लक्षण असू शकतं.