सीलचं दूध: 50 फॅटची गोष्ट

जळगाव-धुळ्याकडे डेअरीवर म्हशीच्या दुधाला 8 फॅट लागली की दूधवाला खुशीत घरी जातो. उत्तरी हत्ती सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या मादीचं दूध पाजण्याच्या शेवटी शेवटी 50 च्या वर जातं, म्हणजे निम्म्याहून जास्त चरबीच! तापी-गिरणेच्या काठावरून समुद्र लांब; आपल्याला सील दिसतो तो मोबाइलवर. तिथे गुबगुबीत पिल्लू दिसतं, पण ही मोजमापं हाती यायला किती काळ गेला, ते दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या किनाऱ्यावर या सीलची कत्तल झाली ती तेलासाठी. कातडीखालची चरबी वितळवायची आणि पिंपं भरायची. विणीला किनाऱ्यावर आलेलं जनावर जमिनीवर धड पळूही शकत नाही, त्यामुळे शिकाऱ्यांचं आयतंच फावलं. 1892 मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर मोजकेच सील दिसले, तर संग्रहालयासाठी नमुने गोळा करायला आलेल्यांनी त्यातले 7 मारले. याला अभ्यास म्हणायचं तरी कसं? 1922 मध्ये मेक्सिकोने संरक्षण दिलं. 1955 मध्ये सील कॅलिफोर्नियाच्या आन्यो नुएवो बेटावर आले, 1961 मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं आणि 1968 पासून जीवशास्त्रज्ञ बर्नी ले बफ यांनी तिथे अभ्यास मांडला. माद्या सारख्याच दिसतात, म्हणून केसांच्या ब्लीचने अंगावर खुणा केल्या. कोणती कोणाला पाजते, हे तेव्हा कळायला लागलं.

पिल्लू जन्मतं तेव्हा 35-40 किलोचं असतं. आई सुमारे 4 आठवडे पाजते आणि तेवढे दिवस स्वतः काहीच खात नाही. सुरुवातीचं दूध पातळ. मग पाणी कमी होत जातं, चरबी चढत जाते. दूध तुटेपर्यंत पिल्लू 130 किलोच्या आसपास पोचतं आणि आई जवळपास 40 टक्के वजन गमावून बसते. ज्या चरबीसाठी शिकारी यायचे, तीच अशी पिल्लाच्या अंगात उतरते. गर्दीत चुकलेलं पिल्लू दुसऱ्या मादीजवळ गेलं तर बहुधा चावेच खातं. एखादं मात्र दोघींचं पिऊन अवाढव्य होतं.

मग आई एक दिवस समुद्रात निघून जाते. शिकवणी वगैरे काही नाही. पिल्लं दोन-अडीच महिने साठलेल्या चरबीवर काढतात आणि उथळ पाण्यात आपापली पोहायला शिकतात.

याहून घाई हूडेड सील या दुसऱ्या जातीची. 1985 मध्ये नोंद प्रसिद्ध झाली: जेमतेम 4 दिवसांत दूध बंद, रोज सुमारे 7 किलो वाढ. वीण तरंगत्या बर्फावर होते आणि तो कधी फुटेल याचा नेम नसतो.