एकच प्रतिस्पर्धी, दोन फायनल: १९९७ ची कुठली आणि १९९८ ची कुठली?

खेळून झालं की पोरं कोर्टच्या कडेला बसून गप्पा मारतात, आणि जॉर्डनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “आजारी असताना त्याने तो शेवटचा शॉट मारला ना, तीच मॅच!” या वाक्याचे दोन्ही तुकडे खरे आहेत. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या फायनलमध्ये आजारी असताना खेळला. यूटाच्या कोर्टवर शेवटच्या क्षणी शॉट मारून त्याने विजेतेपदही आणलं. पण या दोन गोष्टींच्या मध्ये एक अख्खं वर्ष आहे. पहिली ११ जून १९९७ ची, दुसरी १४ जून १९९८ ची.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही वर्षी एनबीएची फायनल शिकागो बुल्स आणि यूटा जॅझ यांच्यातच झाली. बुल्सकडे जॉर्डन, स्कॉटी पिपन आणि डेनिस रॉडमन, जॅझकडे कार्ल मलोन, जॉन स्टॉक्टन आणि जेफ हॉर्नासेक. प्रशिक्षकही तेच, इकडे फिल जॅक्सन, तिकडे जेरी स्लोन. दोन्ही मालिका शिकागोने ४-२ अशाच जिंकल्या आणि दोन्हींत मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जॉर्डनच ठरला. भरीस भर म्हणजे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे घरोघरी पाहिला गेलेला ‘द लास्ट डान्स’ हा माहितीपट काळात सतत पुढेमागे उड्या मारत होता. तो पाहून उठलेल्या माणसाच्या डोक्यात लाल जर्सी, यूटाचं सॉल्ट लेक सिटी आणि जॉर्डन एवढंच उरलं, तर त्याला दोष कसा देणार?

सगळा गुंता सुटतो तो एका प्रश्नाने: शेवटचा सामना कुणाच्या घरी झाला?

त्या काळी फायनलची रचना २-३-२ अशी होती. साखळीत ज्याची कामगिरी सरस, त्याच्या घरी पहिले दोन सामने, मग तीन दुसऱ्याच्या घरी, आणि गरज पडली तर उरलेले दोन पुन्हा पहिल्याकडे. १९९७ मध्ये बुल्सने साखळीत ६९ सामने जिंकले होते, जॅझने ६४. म्हणजे सहावा सामना शिकागोत. १९९८ मध्ये मात्र दोघांची गाडी ६२ विजय आणि २० पराभव अशी अगदी बरोबरीत थांबली. मग बघितलं गेलं की आपसातल्या दोन सामन्यांत काय झालं. ते दोन्ही यूटाने जिंकले होते, त्यामुळे सहावा सामना सॉल्ट लेक सिटीत. साखळीतल्या ८२ सामन्यांपैकी ते दोन. ते जिंकले नसते, तर जॉर्डनचा तो जगप्रसिद्ध शॉट यूटात झालाच नसता.

आता जर्सीचा रंग बघा. त्या वेळी घरचा संघ पांढऱ्यात खेळायचा आणि पाहुणा गडद रंगात. बुल्स पांढऱ्या जर्सीत विजेतेपद साजरं करताना दिसले, तर ते १९९७. लाल जर्सीत दिसले, तर १९९८. आणि लाल जर्सीतला जॉर्डन पिपनच्या खांद्यावर मान टाकून, अंगातलं त्राण गेल्यासारखा कोर्टबाहेर येतोय, पण करंडक कुठेच दिसत नाही, तर तो १९९७ चा पाचवा सामना. तिथे काहीच संपलं नव्हतं. मालिका ३-२ झाली होती आणि दोन दिवसांनी शिकागोत पुढचा सामना होता. बुटांचे शौकीन आणखी एक खूण सांगतात: आजारपणाच्या सामन्यात पायात एअर जॉर्डनचं बारावं मॉडेल होतं, शेवटच्या शॉटच्या वेळी चौदावं.

पण घोळ इथे संपत नाही. दोन्ही मालिकांत जॉर्डनने सामना जिंकून देणारा शॉट मारला तो एकाच माणसावरून, जॅझच्या ब्रायन रसेलवरून. १९९७ चा शॉट पहिल्याच सामन्यात, १ जूनला, शिकागोत पडला. ८२-८२ अशी बरोबरी, घड्याळात ९.२ सेकंद, आणि मलोन दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलमुळे मिळालेले बिनअडथळ्याचे शॉट, घ्यायला उभा. त्या वर्षीचा साखळीतला सर्वोत्तम खेळाडूचा मान जॉर्डनला मागे टाकून मलोननेच मिळवला होता. त्याचं टोपणनाव ‘मेलमन’, म्हणजे पोस्टमन, कारण तो माल हमखास पोचवतो. पिपन त्याच्याजवळून जाताना पुटपुटला की रविवारी पोस्टमन टपाल वाटत नाही. त्या दिवशी खरोखरच रविवार होता. मलोनचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. मग जॉर्डनने रसेलसमोर चेंडू घेतला, वेळ संपता संपता शॉट मारला, आणि ८४-८२.

पुढच्या वर्षी मलोनच्या वाट्याला असंच एक दुःख पुन्हा आलं, फक्त रूप वेगळं होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी आजारपणाचा सामना. शिकागोतले दोन सामने गमावून घरी परतलेल्या जॅझने तिसरा आणि चौथा जिंकून २-२ अशी बरोबरी केली होती. पाचव्याच्या आदल्या रात्रीपासून जॉर्डनला उलट्या सुरू झाल्या. कुणी फ्लू म्हणालं. पुढे माहितीपटात, मागवलेल्या पिझ्झातून विषबाधा झाल्याचं सांगितलं गेलं. कारण काही असो, अंगात पाणी उरलं नव्हतं हे बघणाऱ्याला दिसत होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये यूटा १६ गुणांनी पुढे गेलं. तिथून जॉर्डनने सामना परत ओढून आणला. ४४ मिनिटं खेळला, ३८ गुण केले आणि २५ सेकंद उरलेले असताना थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, मारून संघाला ८८-८५ असं पुढे नेलं. शेवट ९०-८८. हा सामना पुन्हा बघाल तेव्हा टाइमआउटमधला जॉर्डन बघा: टॉवेल डोक्यावर, मान खाली, नजर कुठेच नाही. आणि खेळ सुरू झाला की तोच माणूस पाय ओढत का होईना, बरोबर जिथे असायला हवा तिथे.

१९९७ मधला मला सर्वात प्रिय क्षण मात्र जॉर्डनच्या शॉटचा नाही. तो सहाव्या सामन्यातला, १३ जूनचा. ८६-८६ अशी बरोबरी. टाइमआउटमध्ये जॉर्डनने बाजूला बसलेल्या संघातल्याच स्टीव्ह करला सांगून ठेवलं की स्टॉक्टन माझ्यावर धावून येईल, तू तयार राहा. कर म्हणाला, मी तयार असेन. याच दोघांची १९९५ मध्ये सरावात मारामारी झाली होती आणि जॉर्डनने करच्या तोंडावर ठोसा मारला होता. खेळ सुरू झाला, जॉर्डनने चेंडू घेतला, आणि अगदी सांगितल्याप्रमाणे स्टॉक्टन करला सोडून त्याच्याकडे झेपावला. जॉर्डनने क्षणात चेंडू करकडे दिला. फ्री थ्रोच्या रेषेजवळून करचा शॉट, घड्याळात पाच सेकंद, ८८-८६. लगेच पिपनने यूटाचा बाहेरून येणारा पास हाताने ढकलला आणि टोनी कुकोचने डंक मारून ९०-८६ केलं. १९९७ चं विजेतेपद पासवर जिंकलं गेलं. हे लक्षात ठेवलं की दोन मालिका कधीच एकमेकांत मिसळत नाहीत, कारण १९९८ च्या शेवटच्या ४२ सेकंदांत जॉर्डनने पास दिलाच नाही.

का दिला नाही, ते समजायला त्या वर्षीचे बुल्स समजून घ्यावे लागतात. संघ थकला होता. संघाच्या व्यवस्थापनाने हंगामाआधीच सांगून टाकलं होतं की जॅक्सनचं हे शेवटचं वर्ष, आणि जॉर्डनचं म्हणणं होतं की जॅक्सन नसेल तर मीही नाही. पूर्व विभागाच्या फायनलला इंडियाना पेसर्सने त्यांना सात सामने घाम फोडला होता. तिकडे जॅझने लेकर्सना ४-० असं गुंडाळून चांगली विश्रांती घेतली होती. पहिला सामना त्यांनी ओव्हरटाइममध्ये ८८-८५ असा घेतलाही. यूटा १९९८ मध्ये जास्त तयारीचा संघ होता, असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच त्यांचं हरणं जास्त लागतं.

मग बुल्सने सलग तीन जिंकले. त्यातला तिसऱ्या सामन्याचा निकाल ९६-५४. फायनलमध्ये एखाद्या संघाने इतके कमी गुण करणं त्याआधी घडलं नव्हतं, नंतरही घडलेलं नाही. त्या सामन्यानंतर रॉडमन सराव सोडून कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमाला निघून गेला आणि परत येऊन चौथ्या सामन्यात शेवटी मोलाचे फ्री थ्रोही टाकले. पाचव्यात मलोनने ३९ गुण केले, शिकागोतला जल्लोष लांबला, आणि सगळे पुन्हा सॉल्ट लेक सिटीत.

सहाव्या सामन्यात पिपनची पाठ धरली. तो अधूनमधून ड्रेसिंग रूममध्ये जाऊन परत येत होता, आला तरी वाकून धावत होता. उरलेलं ओझं एकट्या जॉर्डनवर, वय ३५. ४१.९ सेकंद उरले असताना स्टॉक्टनने थ्री-पॉइंटर मारला, ८६-८३ यूटा. जॉर्डन रसेलला उजवीकडून ओलांडून थेट बास्केटपाशी गेला, ८६-८५. यूटाने चेंडू नेहमीच्या माणसाकडे, मलोनकडे, डाव्या बाजूला दिला. रॉडमन त्याला अडवत होता. जॉर्डनच्या वाट्याचा हॉर्नासेक बास्केटखालून दुसऱ्या बाजूला निघाला. जॉर्डन त्याच्यामागे जाईल, असं मलोनने गृहीत धरलं असणार. तो गेलाच नाही. बेसलाइनकडून, मलोनच्या पाठीमागून येऊन त्याने चेंडूवर हात मारला आणि तो पळवला. मलोनला कळलं तेव्हा हात रिकामे होते. आदल्या वर्षी हुकलेले दोन फ्री थ्रो, या वर्षी हातातून गेलेला चेंडू. इतक्या मोठ्या खेळाडूची ही दोन वर्षं अशी दोन क्षणांत आठवली जावीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

जॅक्सनने टाइमआउट घेतला नाही. घेतला असता तर यूटाला बचाव नीट लावता आला असता. जॉर्डन चेंडू घेऊन शांतपणे पुढे आला. समोर रसेल. उजवीकडे जोरात शिरला, गचकन थांबला, चेंडू डावीकडे घेतला. रसेल घसरला. जॉर्डनचा डावा हात त्या क्षणी रसेलच्या कमरेपाशी होता. तो ढकलणारा होता का, यावर यूटात आजही वाद होतो. मी तो कितीदा बघितला असेल, आणि माझं मत असं की रसेल स्वतःच्याच वेगाने गेला होता, हाताने त्यात थोडी भर घातली. शॉट गेला, ५.२ सेकंद, ८७-८६. जॉर्डनचा हात वरच राहिला. दमल्यामुळे शॉट आखूड पडत होते, म्हणून हात मुद्दाम पूर्ण ताणला, असं त्याने नंतर सांगितलं. स्टॉक्टनचा शेवटचा थ्री-पॉइंटर हुकला. बुल्सच्या ८७ पैकी ४५ गुण त्या एकट्याचे.

त्या हाताच्या वादापेक्षा यूटाची खरी तक्रार मला दुसरी वाटते. त्याच सामन्यात जॅझच्या हॉवर्ड आइस्लीचा थ्री-पॉइंटर शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा ठरावीक वेळ) संपल्यावर सुटला म्हणून बाद झाला, तर बुल्सच्या रॉन हार्परची बास्केट धरली गेली. चित्रफीत बघितली की दोन्ही निर्णय उलटे हवे होते. पंचांना चित्रफीत बघायची सोय एनबीएने पुढे २००२ मध्ये दिली. सामना एका गुणाने गेला होता.

आणि स्लोन. यूटाचा हा कडक प्रशिक्षक मुळात शिकागोचा. बुल्सचा खेळाडू म्हणून तो इतका मानला गेला की क्लबने निवृत्त केलेला पहिला क्रमांक त्याचा, चार नंबर. १९९७ चा सहावा सामना तो ज्या युनायटेड सेंटरमध्ये हरला, तिथल्या छताला त्याचीच जर्सी टांगलेली होती.

सप्टेंबर २००९ मध्ये जॉर्डन, स्टॉक्टन आणि स्लोन एकाच रात्री हॉल ऑफ फेममध्ये गेले. पुढच्या वर्षी पिपन आणि मलोन, तेही एकत्र. जॉर्डनने आपल्या भाषणात रसेलची आठवण काढली. १९९४ मध्ये, तो बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळत असताना, यूटाचा एक नवखा मुलगा त्याला येऊन म्हणाला होता की तू सोडलंस का, मी तुला अडवू शकलो असतो. स्टॉक्टन आणि स्लोन समोर बसून ऐकत होते.