प्रतिमानिषेध, इस्लाममधील

सजीव प्राण्यांची, विशेषतः मुहंमद पैगंबर व इतर प्रेषितांची चित्रे अथवा शिल्पे घडविण्याविषयी इस्लामी परंपरेत असलेली मनाई वा संकोच. मराठी लेखनात यालाच ‘मूर्तिभंजन’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो सैल आहे. असलेली मूर्ती फोडणे आणि प्रतिमा मुळात न घडविणे या दोन निराळ्या गोष्टी होत. प्रतिमानिषेध आणि प्रेषितनिंदा हे विषयही शास्त्रात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्यांची सरमिसळ बरीच अलीकडची आहे.

चित्र काढू नये असे स्पष्ट वचन कुराणात नाही. मूर्तिपूजेचा धिक्कार मात्र आहे (५.९०, इब्राहीम व मूर्तींची कथा, २१.५२ पासून). ५९.२४ मध्ये ईश्वराला ‘मुसव्विर’, म्हणजे आकार देणारा, म्हटले आहे. अरबीत चित्रकारालाही हाच शब्द आहे. निषेधाचा खरा आधार हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ति-कृतींच्या परंपरागत नोंदींचा. कयामतीच्या दिवशी चित्र घडविणाऱ्यास ‘यात प्राण घाल’ असे फर्माविले जाईल. चित्र असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या घरातील सचित्र पडद्यापासून नंतर उशा करण्यात आल्या. ही तिसरी कथा सूचक आहे. उशीवर चित्र चालते, समोर टांगलेले चालत नाही, असा अर्थ काही शास्त्र्यांनी तीतून काढला.

ही वचने प्रचारात केव्हा आली, याविषयी एकमत नाही. इस्लामी वास्तुकलेचे अभ्यासक क्रेसवेल यांनी १९४६ च्या निबंधात चित्रविरोध आठव्या शतकाच्या अखेरीचा मानला; आठव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित दमास्कसच्या योहानाने ख्रिस्ती जगातील प्रतिमावादावर लिहिताना मुसलमानांचा उल्लेख केला नाही, हा त्यांचा एक मुद्दा. अनुल्लेखावरून काढलेला निष्कर्ष तितपतच भक्कम असतो. जर्मन इस्लाम-अभ्यासक रूडी पारेट यांनी हदीसमधील साक्षींची छाननी करून काळ बराच मागे नेला. कलेतिहासकार ग्राबर यांच्या मते आरंभी विरोधापेक्षा अनास्था अधिक होती. नाण्यांचा पुरावा पारेट यांच्या बाजूने झुकतो. खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ (इ. स. ६९६-९७) मध्ये नाण्यांवरील आकृती काढून केवळ अक्षरे ठेवली. मात्र त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत जॉर्डनमधील कुसैर अम्रा या महालाच्या भिंतींवर राजे, शिकारी व स्नान करणाऱ्या स्त्रिया रंगविल्या गेल्या. तेव्हा बंधन आधी नाणी व मशिदींसारख्या सार्वजनिक जागी आले, खाजगी महालात नंतर, असे मानणे सयुक्तिक वाटते. मक्काविजयाच्या वेळी (६३०) काबागृहातील चित्रे पुसताना पैगंबरांनी मरियम व ईसा यांचे चित्र राखले, ही मक्केचा इतिहासकार अझ्रकी याची नोंद नवव्या शतकातील असल्याने ती जपूनच वापरावी.

फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, वाद सावलीवरून आहे. मालिकी या सुन्नी विधिपंथाचे बहुतेक शास्त्री सावली पडणारी, म्हणजे घन, आकृती निषिद्ध ठरवितात व सपाट चित्र केवळ अप्रशस्त मानतात. अन्-नववी (मृत्यू १२७७) या शास्त्र्यांनी हा भेद नाकारला. विसाव्या शतकात छायाचित्रावरून हाच वाद पुन्हा उपस्थित झाला. इजिप्तचे मुफ्ती मुहंमद बखीत यांनी छायाचित्र म्हणजे निर्मिती नसून सावली धरून ठेवणे, असा निवाडा दिला.

पैगंबरांची चित्रे प्रत्यक्षात आहेत. इराणच्या मंगोल दरबारातील वजीर रशीदुद्दीन याच्या इतिहासग्रंथाच्या १३१४ च्या सुमाराच्या प्रतीत चेहरा उघडा आहे. साधारणतः सोळाव्या शतकापासून बुरखा वा ज्वाला दाखविण्याचा संकेत रूढ झाला. ‘शिया काढतात, सुन्नी काढत नाहीत’ हे विधान अर्धेच खरे: सुन्नी ऑटोमन दरबाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सचित्र पैगंबरचरित्र करविले. दख्खनमध्ये विजापूरच्या ‘नुजूम-उल-उलूम’ (१५७०) या पोथीत तर देवतांच्या आकृत्या आहेत. कोल्हापूरजवळचा पन्हाळाही त्या वेळी आदिलशाहीत होता.

कोल्हापुरात श्रद्धेला आकार मिळतो तो पंजाचा. मोहरममध्ये तालमी व दर्ग्यांतून पंजे बसतात, खत्तलरात्रीला त्यांच्या भेटी होतात; ते बसविणाऱ्यांत हिंदू घराणीही आहेत. पंजातून पंजतन, म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन व हुसेन हे पाच जण, सुचविले जातात, त्यांचे चेहरे दाखविले जात नाहीत. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणेशाची आकृती आहे. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसतो. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१, जन्मवर्ष १८५६ की १८६०, याबाबत मतभेद) यांच्या घराण्यात कुराणाच्या पोथ्या लिहिण्याची व सजविण्याची परंपरा असल्याचे सांगतात, त्यांनी स्वतः व्यक्तिचित्रेही रंगविली.

प्रेषितनिंदेविषयी पाहता, भारतीय कायद्यात ‘ईश्वरनिंदा’ हा गुन्हा नाही. लाहोरच्या एका पुस्तिकेच्या खटल्यात प्रकाशक सुटल्यानंतर १९२७ मध्ये दंडसंहितेत कलम २९५-अ आले. ते सर्वच धर्मांना लागू असून बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू त्यात आवश्यक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते वैध ठरविले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेतील कलम २९९ त्याच्या जागी आहे. कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी झालेल्या बंदचे निमित्त समाजमाध्यमांवरील औरंगजेब व टिपू यांच्याविषयीचा मजकूर होते. दोघेही राज्यकर्ते, प्रेषित नव्हेत, त्यामुळे तो प्रसंग या नोंदीच्या कक्षेबाहेरचा.