वायर बास्केट, औद्योगिक

कारखान्यात तयार झालेले सुटे भाग धुण्यासाठी, रसायनात बुडवण्यासाठी, भट्टीत तापवण्यासाठी किंवा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी वापरली जाणारी तारेच्या जाळीची टोपली. शॉप फ्लोअरवर तिला नुसते ‘बास्केट’ म्हणतात. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत वाहनउद्योगाला गिअर, व्हॉल्व्ह, बेअरिंगच्या रिंगा, पिना पुरवणाऱ्या कारखान्यांत ती रोज वापरात असते, पण खरेदीच्या यादीत तिची नोंद बहुधा शेवटी होते. पत्र्याच्या ट्रेमध्ये पाणी आणि तेल साचते. जाळीतून मात्र फवारा, वाफ, गरम वायू किंवा क्वेंचिंगचे (तापलेला भाग एकदम गार करण्याचे) तेल सर्व बाजूंनी भागापर्यंत पोहोचते आणि काम झाल्यावर निथळून जाते.

निवडीची सुरुवात भागाच्या मापापासून करण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. भाग ज्या टप्प्यांतून जाणार त्यांपैकी सर्वांत कडक टप्पा बास्केटचा धातू ठरवतो. एखादा गिअर आधी 60–70 अंश से. च्या अल्कली द्रावणात धुतला जातो, मग सुमारे 930 अंशांवर त्याचे कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणे) होते, तो तेलात क्वेंच होतो, पुन्हा धुतला जातो आणि 150–200 अंशांवर टेंपर होतो, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवला जातो. या पाचही ठिकाणी एकच बास्केट फिरवायची तर ती 930 अंशांसाठीच घ्यावी लागते. हा खर्च पेलत नसेल तर धुण्याची आणि भट्टीची बास्केट वेगळी ठेवावी. मात्र मग भाग एकातून दुसरीत ओतावे लागतात, आणि ओतताना गिअरच्या दातांना मार बसतो. किती मार चालेल हे ड्रॉइंग पाहूनच ठरते.

धातू. साधे माइल्ड स्टील स्वस्त असते, पण पाण्याच्या धुण्यात लवकर गंजते आणि तो गंज भागावर उतरतो. स्टेनलेसच्या भागांसाठी माइल्ड स्टीलची बास्केट वापरू नये. घासून लागलेले लोखंडाचे कण पुढे भागावर तांबूस ठिपके पाडतात आणि दोष मात्र भागाच्या मटेरियलवर येतो. जस्ताचा मुलामा दिलेली तार साठवणीपुरती ठीक. आम्ल आणि कडक अल्कली दोन्ही जस्ताला खातात, शिवाय जस्त 419.5 अंशांवर वितळते. व्हॅक्यूम भट्टीत तर त्याची वाफ होऊन आतले सगळे बरबटते.

धुण्याच्या बहुतेक कामांना 304 ग्रेडचे स्टेनलेस (सुमारे 18% क्रोमियम, 8% निकेल) पुरते. द्रावणात क्लोराइड असेल तर 2 ते 3% मोलिब्डेनम असलेले 316 घ्यावे, कारण क्लोराइडमुळे 304 वर टाचणीच्या टोकासारखे खड्डे पडतात. नायट्रिक आम्लातील पॅसिव्हेशनला (स्टेनलेसवरचा गंजरोधक थर पक्का करण्याला) दोन्ही ग्रेड चालतात. हायड्रोक्लोरिक आम्लातील पिकलिंगला (गंज आणि पापडी आम्लाने काढण्याला) दोन्ही चालत नाहीत. तेथे पॉलिप्रॉपिलीनची टोपली किंवा जाड लेप दिलेली तार लागते. लेपाला सुईएवढे छिद्र पडले तरी आम्ल आत शिरून तार आतल्या आत खाऊन टाकते आणि वरून काही दिसत नाही.

बाजारात एक गोंधळ नेहमी होतो. स्टेनलेस खरे की खोटे हे चुंबकाने पाहण्याची सवय आहे, पण तारेच्या बाबतीत ती फसवते. ओढून काढलेली अस्सल 304 तार थोडी चुंबकाला चिकटते, कारण थंड अवस्थेत ओढताना तिच्या स्फटिकरचनेत बदल होतो. उलट निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेली 200 मालिकेतली स्वस्त पोलादे चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे ती ‘पास’ होतात आणि काही महिन्यांत गंजतात. टेस्ट सर्टिफिकेट मागावे, शक्य असेल तर स्पेक्ट्रोमीटरने (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावे. 304 आणि 316 यांतला फरक ओळखायला मोलिब्डेनम दाखवणारे थेंबांचे किटही मिळते.

तार आणि भोक. जाळीचे भोक भागाच्या सर्वांत लहान मापापेक्षा स्पष्टपणे लहान हवे. भोक आणि भाग जवळजवळ सारख्या मापाचे असले की भाग खाली पडत नाही, पण अडकतो, आणि मग तो ठोकून काढावा लागतो. पिना आणि बोल्ट टोकाकडून घुसतात, म्हणून तेथे लांबी पाहू नये, व्यास पाहावा.

भोक लहान करताना मोकळे क्षेत्र कमी होते. चौकोनी जाळीत भोकाचे माप भागिले (भोक अधिक तारेचा व्यास) याचा वर्ग केला की ते मिळते. 10 मिमी भोक आणि 2 मिमी तार असेल तर सुमारे 69% क्षेत्र मोकळे राहते. तीच 2 मिमी तार ठेवून भोक 5 मिमी केले तर 51%. तार 1 मिमी केली की आकडा पुन्हा 69 वर येतो, पण अशी जाळी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तारेचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो: 2 ऐवजी 3 मिमी तार घेतली तर कडकपणा सुमारे 5 पट होतो आणि वजन सव्वादोन पट. म्हणून बारीक भागांसाठी चांगला उपाय म्हणजे जाड सळीची चौकट, विरळ आणि दणकट बाहेरची जाळी, आणि आत बारीक जाळीचे अस्तर. ऑर्डर देताना तारेचे माप मिमीमध्येच लिहावे. गेजचा (तारेच्या जाडीच्या क्रमांकाचा) आकडा वाढतो तशी तार बारीक होते (ब्रिटिश गेजमध्ये 10 म्हणजे 3.25 मिमी, 14 म्हणजे 2.03 मिमी), शिवाय गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत.

भट्टीतील बास्केट. येथे निवड चुकली तर तिची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. 304 ला हवेत सतत तापत राहायचे असेल तर सुमारे 925 अंशांची मर्यादा देतात, पण वारंवार तापणे आणि गार होणे असेल तर ती 870 पर्यंत उतरते. गार होताना वरची पापडी सुटते आणि खालचा नवा धातू पुन्हा जळतो. क्वेंचिंगची बास्केट दर चार्जला (भट्टीच्या प्रत्येक भरणीला) याच चक्रातून जाते. त्यात 450 ते 850 अंशांच्या पट्ट्यात धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साचून वेल्डजवळची तार ठिसूळ आणि गंजण्याजोगी होते. कार्बुरायझिंगचा वायू तर भाग आणि बास्केट असा भेद करत नाही. कार्बन तारेतही शिरतो. निकेल जितके जास्त तितका हा शिरकाव मंद, म्हणून अशा कामाला 310 (25% क्रोमियम, 20% निकेल), 330 (सुमारे 35% निकेल) किंवा 70 टक्क्यांहून अधिक निकेल असलेले इन्कोनेल 600 वापरतात. किंमत कित्येक पटींनी वाढते, पण हिशेब दर चार्जमागे करावा, दर किलोमागे नव्हे.

प्रसरणाचाही विचार हवा. 600 मिमी लांबीची ऑस्टेनिटिक (304, 310 यांच्या गटातल्या) स्टेनलेसची बास्केट खोलीच्या तापमानापासून 930 अंशांपर्यंत साधारण 10 मिमी वाढते. सगळे सांधे वेल्डने जखडले तर ही वाढ वेल्डलाच तडे देते. विणलेल्या जाळीत तारा एकमेकींवरून सरकतात. अनुभवी बनवणारे चौकटीतही काही सांधे कड्यांसारखे सैल ठेवतात. धुण्याच्या बास्केटला हेच विणकाम गैरसोयीचे, कारण तारांच्या फटीत घाण आणि द्रावण अडकते. तेथे वेल्डेड जाळी बरी, आणि इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या प्रवाहाने गुळगुळीत) केलेली असेल तर उत्तम.

बास्केटचे वजनही फुकट नसते. 12 किलोची रिकामी बास्केट 30 वरून 930 अंशांवर नेण्यास भट्टीतील उष्णतेची गळती न धरता पावणेदोन युनिटच्या आसपास ऊर्जा जाते, तीही दर चार्जला, आणि क्वेंचिंगमध्ये ती सगळी तेलात जाते. ‘जरा दणकटच करा’ या वाक्याची ही किंमत आहे. व्हॅक्यूम भट्टीत पोलादी बास्केट ग्रॅफाइटच्या (म्हणजे कार्बनच्या) टेकूवर थेट ठेवू नये. लोह आणि कार्बन यांचे मिश्रण 1147 अंशांवरच वितळू लागते. मधे सिरॅमिकचा थर लागतो.

अल्ट्रासोनिक आणि स्वच्छता. अल्ट्रासोनिक टाकीत ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी द्रावणात सोडून घाण सोडवतात. 40 किलोहर्ट्झवर पाण्यातील ध्वनीची तरंगलांबी सुमारे 37 मिमी असते. दाट जाळी आणि मऊ लेप दोन्ही हा ध्वनी शोषतात, म्हणून भाग ओरखड्यांपासून जपण्यासाठी पीव्हीसीचा लेप घ्यायचा आणि अल्ट्रासोनिकमध्येही तीच बास्केट उतरवायची, हे जमत नाही. वाहनउद्योगात भागावर उरलेले कण गाळून मोजण्याची पद्धत आयएसओ 16232 आणि जर्मनीच्या व्हीडीए 19 मध्ये दिली आहे. अशा तपासणीत झिजलेला लेप आणि वेल्डचे उडालेले मणी हेच कणांचे उगम ठरू शकतात. बास्केट फिरवून धुण्याच्या यंत्रात झाकण हवे, आणि भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून कप्पे.

माप यंत्राच्या चेंबरवरून ठरते. युरोपीय बनावटीच्या धुण्याच्या यंत्रांत 530×320×200 आणि 670×480×300 मिमी ही मापे वारंवार दिसतात. हाताने उचलायची असेल तर वजनाला मर्यादा हवी. अमेरिकेतील निऑश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या 1991 च्या सूत्रात आदर्श परिस्थितीतही 23 किलोच धरले आहेत, आणि तेलकट जमिनीवर वाकून उचलणे ही आदर्श परिस्थिती नव्हे.

भट्टीतील बास्केट ही खर्ची पडणारी वस्तू आहे. तळ झोळ देऊ लागला, कोपरे फुगले किंवा तार वाकवताना तुटू लागली की तिचे आयुष्य संपत आले असे समजावे. येथे चुंबक उपयोगी पडतो: पूर्वी न चिकटणारी उच्च-निकेल तार आता चिकटत असेल, तर कार्बनने तिच्यातील क्रोमियम बांधून टाकले आहे. अशा तारेवर नवा वेल्डही धरत नाही, शेजारी लगेच चीर जाते. त्यामुळे ती दुरुस्तीला न पाठवता निकेलच्या भावाने भंगारात द्यावी.