एसी चालू आहे, पण हवा तीच

दीड तास उलटला की बैठकीत कुणाचंच लक्ष लागत नाही, ही तक्रार ऑफिसोऑफिसी ऐकू येते. दुपारी २ ते ४ मध्ये शरीराचं घड्याळच पेंगुळलेलं असतं, त्यामुळे महत्त्वाची बैठक त्या वेळी ठेवू नये हे खरं. पण सकाळी ११ ला बसलेल्या माणसांचेही डोळे जड होतात. तेव्हा खोलीतल्या हवेकडे बघायला हवं. ते सहसा कुणी बघत नाही, कारण ‘एसी चालू आहे की!’

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. भिंतीच्या भोकातून जातात त्या फक्त तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाणी निथळायचा पाइप. आतलं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत खोलीत सोडतं. खिडकीच्या एसीला ताज्या हवेची छोटी झडप असते, पण तीही बहुतेक वेळा बंदच ठेवलेली असते.

आता हिशेब करू. १६ फूट लांब, १३ फूट रुंद आणि १० फूट उंच खोली म्हणजे अंदाजे ६० घनमीटर, ६०,००० लिटर हवा. बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दहा माणसं १८० लिटर. ६०,००० मध्ये १८० म्हणजे दहा लाखांत ३,०००, अर्थात ३,००० पीपीएम. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतो. खोली अगदी घट्ट बंद असेल तर तासाभरात आकडा ३,४०० वर जाईल. प्रत्यक्षात फटींमधून थोडी हवा येते-जाते, म्हणून तो त्याहून कमी राहतो.

हा आकडा खरा बोलका होतो तो पुढच्या गणिताने. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ ३८,००० पीपीएम जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत २,५०० पीपीएम असेल तर बाहेरच्यापेक्षा २,०८० जास्त. त्याला ३८,००० ने भागलं की साडेपाच टक्के येतात. तुम्ही घेत असलेल्या हवेचा इतका भाग आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला आहे, साधारण दर अठरावा श्वास उसना! कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरवरचा एकच आकडा हे सांगतो, म्हणून हे मोजमाप इतकं मोलाचं.

‘ऑक्सिजन संपतो म्हणून झोप येते’ हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच बंद खोलीत तासाभरानंतर ऑक्सिजन २०.९ वरून २०.६ टक्क्यांवर येतो, शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. मग दोष कार्बन डायऑक्साइडचा का? यावर वाद आहे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगात २२ जणांना ६००, १,००० आणि २,५०० पीपीएममध्ये अडीच-अडीच तास बसवलं, तेव्हा निर्णयक्षमतेच्या चाचणीतले गुण वाढत्या पातळीबरोबर घसरले. २०१७ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात निव्वळ सिलिंडरमधला वायू ३,००० पर्यंत वाढवून काही बिघडलं नाही. पण माणसांच्याच श्वासाने आणि अंगातून निघणाऱ्या इतर वायूंनी तीच पातळी गाठली, तेव्हा डोकेदुखी, थकवा आणि विचार करताना जडपणा आला. दोष कुणाचाही निघो, उपाय एकच: ताजी हवा.

कोपऱ्यात स्नेक प्लँटची कुंडी ठेवून हे होत नाही. १९८९ च्या नासाच्या ज्या प्रयोगाचा दाखला विक्रेते देतात, तो छोट्या बंद पेट्यांतला होता आणि बेंझिनसारख्या बाष्पांबद्दल होता. ऑफिसच्या मंद उजेडात दहा माणसांच्या १८० लिटरपुढे एका कुंडीचं काही चालत नाही.

माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा मिळाली तर पातळी ९०० च्या आसपास स्थिरावते. दहा जणांना ताशी ३६० घनमीटर लागतील. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो, म्हणून थोडा मोठाच घ्यावा. नेहमीची चूक म्हणजे फॅन बसवायचा आणि दार-खिडक्या घट्ट लावायच्या. आत यायला वाट नसेल तर फॅन नुसताच फिरतो. फॅनच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. बाहेर ३५ आणि आत २४ अंश असेल तर ही हवा गार करायला एसीवर सव्वा किलोवॉटचा जादा भार पडतो, आणि दमट मुंबईत बाष्पाचा भार त्याहूनही जास्त. ऑफिसं खोल्या बंद ठेवतात ती यामुळेच.

फॅन नसेल तर दर ४५ मिनिटांनी सगळ्यांनी बाहेर पडावं आणि समोरासमोरची दार-खिडकी दहा मिनिटं उघडावी. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर दहा मिनिटांनी साचलेल्यापैकी ३७ टक्के उरतो, वीस वेळा बदलत असेल तर जेमतेम ४. एकच खिडकी उघडली तर हवा फारशी हलत नाही, फरक पडतो तो आरपार वाऱ्याने. हिवाळ्यात बाहेर धुरकं असेल तरी हा दहा मिनिटांचा मार्ग सोयीचा.

मीटर घेताना तो एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे अवरक्त प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजणारा असावा. स्वस्त मीटर इतर बाष्पांवरून नुसता अंदाज बांधतात. जवळ सॅनिटायझर चोळल्यावर आकडा एकदम उसळला, तर तो त्यातला. चांगला मीटरही आधी गच्चीत पंधरा मिनिटं ठेवावा आणि ४०० ते ४५० दाखवतो का पाहावं. बैठकीत तो टेबलावर, कुणाच्याही तोंडापासून तीन फूट दूर आणि एसीच्या झोतापासून बाजूला ठेवावा.